तात्पुरतीसाठी स्थळ पाहिजे

यंदा गाडीचे बर्फासाठीचे विंटर टायर दुकानात न नेता घरीच बदलायचे, असं बेनेडिक्ट रुमावनं ऑक्टोबरच्या दुसऱ्या शनिवारी ठरवलं आणि तिथून सगळं घसरत गेलं.

तसा बेनेडिक्ट हातानं काही करणारा माणूस नव्हे. मिसिसागातल्या एका ट्रक कंपनीत तो डिस्पॅचर होता. म्हणजे दिवसभर खुर्चीत बसून इतरांनी कुठे जायचं ते फोनवर सांगायचं. वसईला असताना त्यानं एकदा सायकलचं पंक्चर काढलं होतं. (काढलं होतं म्हणजे, काढणाऱ्याला पंप धरून दिला होता.) पण त्या सकाळी समोरच्या घरातला पंच्याहत्तरीचा म्हातारा जमिनीवर गुडघे टेकून, शीळ घालत स्वतःच्या गाडीचे टायर बदलताना दिसला आणि बेनेडिक्टच्या पुरुषार्थानं उचल खाल्ली.

गॅरेजच्या कोपऱ्यात चार टायर एकावर एक रचून ठेवले होते. वरचे तीन त्यानं धापा टाकत खाली घेतले. चौथा टायर त्याच्याकडे बघून फिस्कारला.

बेनेडिक्ट दोन पावलं मागे उडाला. (पुढे लोकांना सांगताना तो 'किंचित दचकलो' असं सांगायचा.) मग वाकून बघितलं, तर टायरच्या पोकळीत मूठभर राखाडी मांजराचं पिल्लू. एका कानाला ग्रीस, शेपटी भिजून सुतळीसारखी झालेली, आणि तोंड मात्र साऱ्या गॅरेजचं भाडं आपणच भरत असल्यासारखं. बाहेर थंड पाऊस पडत होता. आईचा पत्ता नव्हता.

इथे शहाण्या माणसानं गॅरेजचं दार किलकिलं ठेवून आपल्या कामाला लागायचं असतं. बेनेडिक्टनं ट्यूनाचा डबा उघडला.

दुपारी त्याची बायको लिली शिफ्ट संपवून घरी आली. ती एका केअर होममध्ये म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायची, आणि त्या दिवशी एक सहकारीण तिला सोडायला आली होती, कारण गाडी नवऱ्याच्या ताब्यात होती. गाडी जॅकवर चढलेली, एक चाक गायब, आणि नवरा जमिनीवर मांडी घालून टायरशी बोबडं बोलतोय, हे दृश्य तिनं शांतपणे पाहून घेतलं.

"हे काय?"

"मांजराचं पिल्लू."

"मी गाडीबद्दल विचारतेय, बेनी."

"ते टायरमध्ये आहे ना. टायर कसा लावणार?"

"काढ बाहेर त्याला."

"घाबरेल गं."

लिली रोज नव्वद नव्वद वर्षांच्या हट्टी माणसांना आंघोळीला तयार करत असे. तिनं एका हातानं पिल्लू अलगद उचललं, दुसऱ्या हातानं कपड्यांची बास्केट ओढली, पिल्लू तिच्यात ठेवलं आणि वर जुना टॉवेल टाकला. सगळं मिळून सहा सेकंद. बेनेडिक्टनं त्यात पावणेतीन तास घालवले होते. (टायर शेवटी समोरच्या म्हाताऱ्यानं येऊन लावून दिले. शीळ घालत.)

"दोन दिवस," बेनेडिक्ट म्हणाला. "फक्त दोन दिवस, लिली. चांगलंसं घर बघू आणि देऊन टाकू."

"नाव ठेवायचं नाही. नाव ठेवलंस की ती राहिलीच म्हणून समज."

"नाही ठेवत."

"आणि पंचवीस तारखेला जॉर्जिनाबाय येतेय. आहे ना लक्षात?"

बेनेडिक्टच्या हातातला ट्यूनाचा चमचा तिथेच थांबला.

जॉर्जिनाबाय म्हणजे लिलीची थोरली बहीण. वसईच्या शाळेतून हेडमिस्ट्रेस म्हणून रिटायर झालेली, आता मुलामागोमाग कॅनडात येऊन व्हँकुव्हरजवळ कोक्विटलामला राहणारी. लग्नाच्या बोलणीच्या वेळी तिनं बेनेडिक्टला समोर बसवून इंग्रजीचा एक उतारा मोठ्यानं वाचायला लावला होता. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली, निकाल अजून जाहीर झालेला नव्हता. आणि जॉर्जिनाबायला मांजराची ॲलर्जी होती. साधीसुधी नव्हे. या ॲलर्जीपायी ती कित्येक घरांच्या बारशांना आणि लग्नांना गेली नव्हती. मांजर दिसलं तर तिचा श्वास कोंडतो, ही गोष्ट अख्ख्या खानदानाला प्रार्थनेसारखी पाठ होती.

संध्याकाळी मुलीचा, केझियाचा फोन आला. ती लंडनला शिकत होती, म्हणजे आपल्या ओंटारिओतल्या लंडनला. (बेनेडिक्ट वसईच्या नातेवाइकांना नुसतं 'लंडनला' एवढंच सांगायचा.) बापानं पिल्लाचा फोटो पाठवला होता.

"डॅड! व्हॉट्स हर नेम?"

"नाव वगैरे काही नाही. तात्पुरती आहे."

"टाटपुर्ती? ऑ, दॅट्स सो प्रीटी! इज इट अ फ्लावर?"

"अगं नाही, तात्पुरती म्हणजे…"

पण तोवर तिनं फोटोखाली 'मीट टाटपुर्ती' असं लिहून आपल्या साऱ्या मैत्रिणींना पाठवूनही दिलं होतं. नाव पडलं. लिलीनं नवऱ्याकडे नुसतं बघितलं.

रविवारी बेनेडिक्टनं 'वसईकर परिवार, टोरंटो' या दोनशे चौदा माणसांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकला. 'या निराधार जिवाला कायमचं घर हवं आहे.' तासाभरात त्र्याऐंशी हात जोडलेले आले, साठ लाल बदाम आले. एकानं प्राणिमात्रांवरच्या दयेचा अकरा मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. दुसऱ्यानं 'देव तुझं भलं करो बेनेडिक्ट, तुझ्यासारखी माणसं आहेत म्हणून जग चाललंय' असं लिहिलं. हे वाक्य बेनेडिक्टनं लिलीला दोनदा वाचून दाखवलं. कुणीतरी 'पांढरं आहे का?' असं विचारलं. घर मात्र कुणीच देऊ केलं नाही.

फ्रँकलिन डाबरेनं फोन केला. फ्रँकलिन प्रत्येक मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये उभा राहून करुणेवर बोलायचा. फोनवरही अर्धा तास बोलला. मुक्या जनावरात देव कसा दिसतो, इथल्या लोकांत माणुसकी कशी उरली नाही, वगैरे. बोलता बोलता त्याचा गळा दाटून आला.

"मग नेतोस का?" बेनेडिक्टनं विचारलं.

"मी?" फ्रँकलिनचा गळा झटकन मोकळा झाला. "वेडा का तू? आमचा सोफा लेदरचा आहे."

प्राण्यांच्या शेल्टरला फोन केला. तिथली हेदर नावाची बाई फार गोड बोलली. शेल्टर भरलंय, वेटिंग लिस्ट आहे, जागा झाली की कळवते, तोवर तुम्ही सांभाळताय म्हणजे तुम्ही हीरो आहात, बेन. बेनेडिक्टनं फोन ठेवला तेव्हा त्याचं काम शून्य झालं होतं आणि छाती दोन इंच फुगली होती.

दोन दिवस कधीच उलटून गेले होते. तात्पुरती आता बास्केटमध्ये झोपत नव्हती. ती बेनेडिक्टच्या पोटावर झोपायची. त्या पोटावर लिली वीस वर्षं टीका करत आली होती. आता प्रथमच त्याचं कुणीतरी कौतुक करत होतं, त्यामुळे तो टीव्हीचा रिमोट घ्यायलासुद्धा हलेना.

मग चर्चमधल्या मराठी मिस्साच्या बुलेटिनमध्ये जाहिरात द्यायचं ठरलं. बेनेडिक्टनं एक संध्याकाळ खर्चून मजकूर लिहिला. बुलेटिनमध्ये जागा कमी पडली म्हणून कुणीतरी पहिली ओळ उडवली. पहिल्या ओळीत 'मांजराचं पिल्लू' हे शब्द होते. उरलेला मजकूर असा छापून आला: 'मादी. वय लहान. शांत स्वभाव, स्वच्छ सवयी, घराबाहेर पडत नाही. कायमस्वरूपी चांगली जागा हवी. संपर्क: बेनेडिक्ट रुमाव.'

त्याच संध्याकाळी ब्रॅम्प्टनहून रॉय नावाच्या कुणा गृहस्थांचा फोन आला.

"बुलेटिनमध्ये वाचलं. जागा हवीय ना? माझं बेसमेंट रिकामं आहे. सेपरेट एन्ट्रन्स."

"सेपरेट एन्ट्रन्स!" बेनेडिक्ट भारावला. मांजरासाठी वेगळं दार ठेवणारा माणूस त्याला प्रथमच भेटत होता.

"एकटीच आहे ना? बॉयफ्रेंड वगैरे भानगड नको आपल्याला."

"छे छे. आणि डॉक्टर म्हणालेत, जरा मोठी झाली की ऑपरेशन करून टाकू. मग तो प्रश्नच मिटला."

पलीकडे रॉयनं खाकरून घसा साफ केला.

"बरं… कामाला कुठे आहे?"

"कामाला कुठली? दिवसभर झोपते."

"नाइट शिफ्ट?"

"तसंच म्हणा. अंधार पडला की पडद्यांवर चढते."

"हं. वॉशरूम शेअर करावं लागेल बरं का."

"तिचं तिचं आहे. आम्ही देऊ ना बरोबर. तुम्ही फक्त रोज उपसायचं."

"उपसायचं?"

"छोटं फावडं येतं त्याचं. आणि किचनच्या ओट्यावर चढली तर ओरडू नका. तोंडावर थोडं पाणी मारलं की उतरते."

"मिस्टर रुमाव," रॉयचा आवाज एकदम खाली आला, "ही मुलगी तुमची कोण?"

"कुणी नाही हो. गॅरेजमध्ये सापडली. टायरच्या आत."

फोन कट झाला. दुसऱ्या दिवशी महिला मंडळाच्या दोघीजणी केक घेऊन लिलीकडे आल्या. 'घरी सगळं ठीक ना?' असं त्यांनी तिला चार वेगवेगळ्या पद्धतींनी विचारलं आणि जाताना बेसमेंटच्या दाराकडे बघत बघत गेल्या. तिसऱ्या दिवशी फादरांचा फोन आला. "बेनेडिक्ट, त्या मुलीला आधी माझ्याकडे घेऊन ये. मग काय ते बोलू." बेनेडिक्ट खरोखरच तात्पुरतीला घेऊन गेला. फादरांनी तिच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं, आणि खुर्चीत बसून चष्मा काढून बराच वेळ डोळे पुसले.

या सगळ्या बोभाट्यातून एक मात्र झालं. गोष्ट फिरत फिरत किचनर गावच्या मराठी मंडळींपर्यंत पोचली आणि तिथून एक जोडपं पिल्लू बघायला आलं. शैलेंद्र आणि माधवी. दोघं पुण्याचे, दोघं सॉफ्टवेअरमध्ये. शैलेंद्रनं आल्याआल्या लॅपटॉप उघडला. त्यांनी सहा मांजरं शॉर्टलिस्ट केली होती आणि तात्पुरती चौथ्या नंबरावर होती.

"टेम्परामेंट दहापैकी किती द्याल?" त्यानं विचारलं.

"कुणाचं?" बेनेडिक्ट म्हणाला.

"आमच्याकडे घरात नॉनव्हेज चालत नाही हं," माधवी म्हणाली. "पनीर खाते का ही?"

"मांजर?"

"हळूहळू लागते हो सवय. आमच्या मुलीला, जाईला नाही का ब्रोकोलीची लागली? आणि दर डिसेंबरला आम्ही पाच आठवडे पुण्याला जातो. तेव्हा तुमच्याकडे सोडून जाऊ, चालेल ना? तुमचीच आहे शेवटी."

"आणि रिटर्न पॉलिसी?" शैलेंद्र टाइप करता करता म्हणाला. "म्हणजे, नाही जमलं तर?"

तात्पुरती उठली, टेबलावर चढली आणि लॅपटॉपच्या कीबोर्डवरून रमतगमत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. शैलेंद्रची शॉर्टलिस्ट बंद झाली. सेव्ह केली होती की नाही कुणास ठाऊक. पण ते दोघं चहा न घेताच उठले.

"तसे वाईट नव्हते," लिली दार लावत म्हणाली. "जाताना विचार करून कळवा म्हणाले. कळव की हो म्हणून."

"त्याचे मोजे पाहिलेस?"

"मोज्यांचं काय?"

"दोन पायांत दोन वेगळे. अशा माणसाच्या घरी मी पोर देणार नाही."

लिलीनं 'पोर' हा शब्द ऐकला. तिनं भांडी जरा जोरात लावली.

आणि पंचवीस तारीख उजाडली. हेदरकडे बुधवारी जागा होणार होती. तोवर तात्पुरतीला बेसमेंटमध्ये ठेवायचं, दार बंद, बायला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. लिलीनं घर तीनदा व्हॅक्यूम केलं. बेनेडिक्टनं विमानतळावर जायच्या आधी अंगावरचा एकेक केस चिकटपट्टीनं काढला. (या गडबडीत त्याच्या स्वेटरची बरीचशी लोकरही गेली.)

जॉर्जिनाबाय आली. चार वाजता सगळी चहाला बसली. तिला थंडी वाजत होती म्हणून तिनं खुर्ची ओढून हीटिंगच्या जाळीजवळ नेली. इथल्या घरांत बेसमेंटमधल्या फर्नेसची गरम हवा पायपातून सगळ्या खोल्यांत येते. हवेबरोबर आणखी काय काय येतं, याचा विचार बेनेडिक्टनं केला नव्हता.

"म्याव," जाळी म्हणाली.

जॉर्जिनाबायनं कप खाली ठेवला. "काय आवाज तो?"

"फर्नेस," बेनेडिक्ट म्हणाला. "जुनी झालीय."

"म्याव. म्याऽऽव."

"फर्नेसला भूक लागलेली दिसते," जॉर्जिनाबाय म्हणाली.

लिली साखर आणायला म्हणून आत गेली. साखर टेबलावर होती.

"बुधवारी माणूस येतोय," बेनेडिक्टच्या कपाळावर घाम आला होता, "बघायला."

"बरं," म्हणून जॉर्जिनाबायनं बिस्किट चहात बुडवलं. पस्तीस वर्षं शाळा चालवलेली बाई ती. गुन्हेगाराला घाई करायची नसते, हे तिला माहीत होतं.

सोमवारी बेनेडिक्ट ऑफिसातून परतला तर बेसमेंटचं दार सताड उघडं. जिना उतरायची गरज पडली नाही. बैठकीच्या खोलीत जॉर्जिनाबाय रोजरी म्हणत बसली होती, आणि तिच्या मांडीवर उताणी पडून तात्पुरती प्रत्येक 'नमो मारिये'ला जपमाळेच्या मण्यावर पंजा मारत होती.

"बाय! तुझा श्वास!"

"चालू आहे," ती म्हणाली. "बस."

तो बसला. शाळेत बसतात तसा, हात गुडघ्यांवर ठेवून.

"मला ॲलर्जी नाही. कधीच नव्हती," जॉर्जिनाबाय म्हणाली. "माझ्या सासूच्या घरी नऊ मांजरं होती. दर सुट्टीला महिनाभर तिथे जाऊन राहायचं. आता सासूची ॲलर्जी आहे असं सांगता येतं का? म्हणून मांजरांची सांगितली. सासूबाई गेल्या, तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं. मग कुणाच्या घरी जायचं नसलं की तेच कामाला यायचं."

"लिलीला माहीत आहे?"

"तिला सांगितलं असतं तर तुझ्या आईला कळलं असतं, आणि तुझ्या आईकडून अख्ख्या वसईला."

तिनं जपमाळ बाजूला ठेवली. तात्पुरतीच्या कानामागे एका बोटानं खाजवत राहिली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "पोरगा कॅलगरीला गेला. रविवारी फोन करतो, बारा मिनिटं. कॉन्डोचं दार उघडते तेव्हा आत फक्त फ्रिज आवाज करतो." आणि लगेच, हजेरी घ्यावी तशा सुरात: "मला देशील का ही?"

आता बघा. पंधरा दिवस हा माणूस साऱ्या टोरंटोत घर शोधत हिंडला होता. घर चालून आलं होतं, तेही असं की मोज्यांबद्दलसुद्धा बोलायला जागा नव्हती. आणि बेनेडिक्ट? बेनेडिक्ट स्वेटरवरचा एक राखाडी केस उचलून बोटांत फिरवत राहिला.

"विचार करतो," तो कसाबसा म्हणाला.

स्वयंपाकघरात जाऊन त्यानं लिलीला बायचं मागणं सांगितलं आणि तिचा हात धरला. "लिली, आपणच ठेवू या तिला. केझिया गेल्यापासून घर कसं झालंय बघ ना. संध्याकाळी आलो की कुणी दारापर्यंत येत नाही."

"मी असते की."

"तू येतेस, पण कचरा बाहेर ठेवला का विचारायला."

लिलीला हसू आलं. तिलाही ते पोर आवडायला लागलं होतं. तिची कामावर जायची चप्पल तात्पुरतीनं कुरतडली, तेव्हा तिनं दुसरी घेतली आणि जुनी तिच्यासाठी तशीच ठेवली. "ठेवू," ती म्हणाली. "पण बायला तू सांगायचंस. मी नाही."

मंगळवारी बेनेडिक्टनं हेदरला फोन करून जागा नको म्हणून कळवलं. बुधवारी त्यानं जॉर्जिनाबायला सांगायचं वाक्य पाठ केलं. गुरुवारी आरशासमोर म्हणून बघितलं. शुक्रवारी तो तिच्यासमोर जाऊन उभा राहिला आणि "बाय, चहा घेणार?" असं म्हणाला. शनिवारी दुसऱ्यांदा चहा विचारला.

रविवारी मराठी मिस्सा होता. मिस्सानंतर हॉलमध्ये सगळ्यांनी आणलेलं जेवण. पाहुणी म्हणून जॉर्जिनाबायच्या हातात कुणीतरी माइक दिला. हेडमिस्ट्रेसच्या हाती माइक गेला की हॉल आपोआप ताठ बसतो, तसा बसला.

"आजकाल बोलणारे पुष्कळ," ती म्हणाली. (फ्रँकलिन डाबरेनं मान डोलावली.) "देणारे थोडे. माझ्या बहिणीच्या नवऱ्यानं एका अनाथ जिवाला पोटाशी धरलं. आणि मी एकटी राहते हे बघून, मी न मागता, तो जीव त्यानं मला देऊन टाकला. आम्ही तिचं नाव पर्पेच्युआ ठेवलंय. संतिणीचं नाव आहे. अर्थ होतो, कायमची. बेनेडिक्ट, उभा राहा."

बेनेडिक्ट उभा राहिला. दोनशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. फादरांनी टाळ्या वाजवल्या. महिला मंडळाच्या त्या दोघींनी तर उभं राहून वाजवल्या. बहुधा आपल्या मनात जे आलं होतं त्याची भरपाई म्हणून. आता नाही म्हणायला एकच क्षण होता. आणि आयुष्यात प्रथमच एवढा मोठा हॉल बेनेडिक्ट रुमावकडे कौतुकानं बघत होता.

"माझं कर्तव्यच आहे ते," बेनेडिक्ट म्हणाला आणि हात जोडले.

लिलीनं पदरात तोंड लपवलं असतं, पण ती जीन्समध्ये होती. तिनं पेपर नॅपकिन घेतला.

परतताना बेनेडिक्टनं गाडीत रेडिओ लावला. मग मागच्या सीटवरून जॉर्जिनाबाय म्हणाली, "तू नाही म्हणणार होतास. दोन दिवस नुसता चहा विचारत होतास, कळत होतं मला."

"मग तिथे असं का…"

"मला ती हवी होती," ती सरळ म्हणाली. "आणि तू चांगला माणूस आहेस, बेनेडिक्ट. फक्त ते चारचौघांत करून घ्यावं लागतं."

नोव्हेंबरच्या मध्यावर पर्पेच्युआ ऊर्फ तात्पुरती विमानानं कोक्विटलामला गेली. विमानतळावर बेनेडिक्टनं जॉर्जिनाबायच्या हातात चार पानी सूचना दिल्या: काय खाते, कुठे खाजवायचं, कुठलं भजन लावलं की झोपते. जॉर्जिनाबायनं तिथेच उभ्या उभ्या त्या वाचल्या, पर्समधून लाल पेन काढून दोन स्पेलिंगं दुरुस्त केली, आणि पानं नीट घडी घालून पर्समध्ये ठेवली. बॅगेच्या जाळीतून तात्पुरतीनं बेनेडिक्टकडे एकदा बघितलं आणि जांभई दिली. तिथल्या चाकाच्या खुर्चीवर बसून तो पंधरा मिनिटं रडला, तेव्हा एका कर्मचाऱ्यानं त्याला 'सर, तुमचं फ्लाइट कुठलं?' असं विचारलं. ती खुर्ची प्रवाशांसाठी होती.

घर फारच शांत झालं. दोन आठवड्यांनी लिलीच म्हणाली, "हेदरला विचार ना. असेल एखादं."

हेदरनं फॉर्म पाठवला. सतरा पानी. बेनेडिक्टनं तो मनापासून भरला. घर किती मोठं, घरी कोण असतं, मांजर आजारी पडलं तर काय कराल. तेराव्या पानावर प्रश्न होता: 'तुम्ही यापूर्वी कधी पाळीव प्राणी दुसऱ्याला देऊन टाकला आहे का? असल्यास सविस्तर लिहा.' बेनेडिक्टचा चेहरा उजळला. याच प्रश्नाची तो वाट बघत होता. त्यानं 'हो!' लिहिलं, उद्गारचिन्हासकट, आणि पुढे जादा कागद जोडून त्यागाची सगळी हकिकत लिहिली. टाळ्यांसह.

तीन दिवसांनी उत्तर आलं. शेल्टरच्या नियमाप्रमाणे, ज्या अर्जदारानं आधीचा प्राणी महिन्याभरात दुसऱ्याच्या गळ्यात घातला त्याला मांजर देता येत नाही. तथापि अर्जदाराचं प्राणिप्रेम बघून आम्ही भारावून गेलो आहोत. शनिवारी सकाळी आमच्या पार्किंग लॉटमधला बर्फ शोव्हल करायला आम्हाला व्हॉलंटियरची गरज आहे. तुम्ही हीरो आहात, बेन.

बेनेडिक्ट हो म्हणाला. (ईमेल सगळ्या व्हॉलंटियर्सना कॉपी होता.)

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी वीस सेंटिमीटर बर्फ पडला. बेनेडिक्ट दीड तास फावडं मारत होता. नाक लाल, भुवया पांढऱ्या, कंबर कुठे आहे ते आता त्याला नेमकं कळत होतं. शेल्टरच्या मोठ्या काचेमागे हीटरच्या उबेत सात मांजरं ओळीनं बसून त्याचं काम बघत होती. त्यानं फावडं टेकवलं आणि त्यांच्याकडे बघून हात हलवला.

एकही हललं नाही. तेवढ्यात खिडकी दोन बोटं उघडली आणि हेदरनं गोड आवाजात हाक मारली.

"बेन, हनी! यू मिस्ड अ स्पॉट!"